कपाटातला केर

चतकोर कागदावर शिसपेन्सिलीने: "केर काढून नेला हाये. धुंडू नका. माडीवर कोंडेल बाई मरून गेली, तिले कोनं नाव बी पुसलं नाई. मले पुसाचं हाये."

*

मोताळ्याच्या बाजारात एक सोनार बसायचा. तान्ह्या पोराच्या उजव्या नाकपुडीत तार ओवताना तो आईला म्हणायचा, "तोंड तिकडं कर." पोर रडायचं. आईही रडायची, पण तिच्या रडण्यात भीतीपेक्षा आशा जास्त असायची.

*

"व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबरीत प्रत्येक मोठ्या घराला एक बंद दार असते. दाराआड जे असते ते परके नसते. ते घरमालकाचेच असते." (हस्तलिखित, प्रकरण तिसरे.)

*

तुळशीरामची बायको सोजराबाई माहेरी पत्र धाडायला पोस्टात यायची. "अंगनातल्या त्या हिरव्या झाडाले रोज पानी घालते म्हना," ती सांगायची. कोणतं झाड, असं विचारलं की तोंडाला पदर लावायची.

*

सूचना. सोमवारी सकाळी अकरा वाजता प्रा. उत्तमराव सपकाळ यांचा ग्रंथ छपाईसाठी पुण्यास रवाना होईल. सर्वांनी उपस्थित राहावे.

*

पाटीवर आधी आडवी रेघ ओढायची. मग दोरीवर लुगडी वाळत घालावीत तसं एकेक अक्षर त्या रेघेला टांगायचं.

१

ग्रंथ सोमवारी जायचा होता. तो शुक्रवारी दुपारीच गेला.

बुलढाण्याचं ते कॉलेज नवं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती आणि कॉलेज होऊन पाच. इंग्रजीचे प्राध्यापक उत्तमराव सपकाळ पहिल्या दिवसापासून तिथे होते आणि पहिल्या दिवसापासून लिहीत होते. सव्वाचारशे पानांचं बाड, छपाईसाठी उतरवलेली एकच स्वच्छ प्रत, लाल फडक्यात बांधलेलं. ते त्यांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात असायचं. शुक्रवारी दोन वाजता त्यांनी कपाट उघडलं, तर फडकं घडी घालून ठेवलेलं आणि घडीवर एक चिठ्ठी. कुलूप जसंच्या तसं होतं.

संस्थेचे अध्यक्ष उकंडराव शेतातून तसेच आले. धोतराला माती, हातात चिठ्ठी. त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही, भगवंतरावांना बोलावलं.

"तुमी तीस वर्सं पोस्टात लोकाइची पत्रं वाचली अन लिहिली," ते म्हणाले. "ही एक वाचा. सोमवारी अकराले कमिटी बसते. तोवर काही निघालं नाई तर कचरूचं नाव फौजदाराकडे जाते. नोकरी तर जाईलच."

भगवंतराव निवृत्त पोस्टमास्तर. कॉलेजच्या कमिटीवर त्यांना घेतलं होतं ते अक्षर चांगलं म्हणून, इतिवृत्त लिहायला. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं. समोरची बाई म्हणायची, "मले तुही लय याद येते," आणि ते लिहायचे, "आपली फार आठवण येते." शुद्ध लिहिण्याबद्दल लोक त्यांचा मान ठेवायचे. पलीकडे पत्र ऐकणाऱ्याला आपली बहीण त्या पत्रात सापडायची की नाही, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट त्यांना अधूनमधून टोचायची.

"कचरूच का?" त्यांनी विचारलं.

"किल्ली त्याच्याकडे."

"दुसरी?"

उत्तमराव टेबलामागे बसले होते. गोरेपान, टेरिलिनचा बुशशर्ट, बोलणं इतकं स्वच्छ की पुण्याचा माणूसही फसावा. विचारात असले की ते उजवी नाकपुडी अंगठ्याने चोळायचे. तशीच चोळत ते म्हणाले, "दुसरी माझ्या घरी खुंटीला असते. पण तिथून कोण नेणार? घरी कुणी नसतं."

शहराला हे माहीत होतं. सरांचं लग्न पुस्तकांशी झालंय, असं मुलं म्हणायची.

"चिठ्ठी वाचून काय वाटलं तुम्हांला?"

"कुणीतरी अडाणी माणूस," उत्तमराव म्हणाले. "तुम्हीच पाहा ना, भाषा कशी आहे."

बाहेर व्हरांड्यात उकंडरावांनी हाक मारली, "अय कचरू!"

उत्तमराव अर्धवट उठले. मग टेबलावरची दौत सरकवण्यासाठीच उठलो असं दाखवून ती सरकवली आणि पुन्हा बसले.

शिपाई कचरू धावत आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

२

बाड वाचलेली माणसं दोनच. एक उत्तमराव, दुसरा ग्रंथपाल सहदेव. मुद्रणप्रत त्यानेच करून दिली होती, दीड वर्ष, रोज संध्याकाळी. प्रस्तावनेत त्याचं नाव नव्हतं.

"राग आला का?" शनिवारी सकाळी ग्रंथालयात भगवंतरावांनी विचारलं.

"आला," सहदेव म्हणाला. "पण राग आला म्हणून स्वतःच्या हाताने उतरवलेली सव्वाचारशे पानं कोण पळवेल? माझी बोटं अजून दुखतात." त्याने खरंच बोटं दाखवली.

"आहे काय त्या बाडात? मला समजेल असं सांगा."

सहदेवचा चेहरा उजळला. दीड वर्षात त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"सरांचं म्हणणं असं, की माणसाच्या मनात जुने साचे असतात. गणपतीच्या साच्यासारखे. माती दरवर्षी नवी, साचा तोच. त्या काळच्या इंग्रज समाजाला सभ्यपणाची फार हौस होती. मग सभ्य माणसाच्या अंगात जे सभ्यपणात बसत नाही, ते जायचं कुठे? कादंबरीकाराने त्याला वेगळं शरीर दिलं. वेगळं नाव, वेगळा चेहरा. एक माणूस पुढच्या दाराने प्रार्थनेला जातो, दुसरा मागच्या दाराने बाहेर पडतो. आहेत दोघे एकच."

"अन शेवटी?"

"शेवटी शिक्षा होते त्या दुसऱ्याला. तो नेहमी काळा, गरीब, बोलायला रांगडा असतो. पहिल्याला वाटतं, सुटलो."

"बायकांचं काय?"

"बायकांचेही दोनच साचे. एक दिवाणखान्यातली, देवीसारखी, तिला कधी राग येत नाही. तिच्या वाटणीचा सगळा राग माडीवर कोंडलेल्या दुसरीला येतो." सहदेवने चष्मा पुसला. "तिसरं प्रकरण तिच्यावरच आहे. फार सुंदर लिहिलंय हो. उतरवताना मी रडलो."

भगवंतरावांनी चिठ्ठी पुढे केली. माडीवरची कोंडलेली बाई तिथे होतीच. म्हणजे चोराने तिसरं प्रकरण वाचलं होतं, आधी किंवा उभ्या उभ्या.

"यातला एक शब्द मला खटकतो," भगवंतराव म्हणाले. "केर. आपल्याकडं कुणी केर म्हणतं का? कचरा म्हणतात. केर पुण्याकडं काढतात. तुम्ही ग्रंथालयाचा अभ्यास कुठे केलात?"

सहदेवचा चेहरा पडला. "पुण्यात," तो हळूच म्हणाला. मग एकदम चिडून बोलला, "अहो, मला आमच्या लोकांची टिंगलच करायची असती तर 'कचरा'च लिहिलं नसतं का? वऱ्हाडीचं सोंग करणारा माणूस नेमका एकच शब्द पुणेरी कशाला ठेवील?"

भगवंतराव दारात थबकले. प्रश्न बरोबर होता. तो शब्द विसरून राहिला नव्हता, निवडून ठेवलेला होता. पण कशासाठी?

३

कचरूचं घर देऊळघाटला. भगवंतराव सायकल हाणत गेले, तेव्हा तो ओट्यावर डोकं धरून बसला होता आणि त्याची बायको केसरबाई त्याला बोलत होती.

"तुले धड उत्तरं देता येत नाई! फौजदारासमोर असाच बसशीन काय भुताड्यासारका?"

"मास्तर आले," कचरू म्हणाला.

"येऊ दे. मास्तरसमोर बी बोलते. पाच वर्सं त्या कॉलेजच्या पायऱ्या म्या झाडल्या. एक टाचनी घरी आनली नाई यानं."

भगवंतरावांनी पाणी घेतलं आणि विचारलं, "शुक्रवारी बारा ते दोन, खोलीकडं कोन आलं?"

"कोनी नाई."

"नीट आठव बे."

"कोनी म्हंजे कोनीच नाई, मास्तर. सर वर्गात होते. मी घंटेपाशी. डबा आला, गेला. बस."

भगवंतरावांनी खिशातून एक कागद काढला. मागच्या वर्षीचा कचरूचा रजेचा अर्ज, आफिसातून मागून आणलेला. 'विणंती की मला ताप आल्याणे मी णंतर कामावर येईण.' ते स्वतःशीच हसले. चौथी पास झालेला वऱ्हाडी माणूस बोलताना एकही ण उच्चारत नाही. म्हणून लिहायला बसला की मास्तरची छडी आठवून जिथे तिथे ण ठोकतो. मले-तुले तर तो कागदावर चुकूनही येऊ देणार नाही. चिठ्ठीत ण एकही नव्हता. जीभ जशी वळली तशी ती उतरली होती. शाळेत गेलेला कुठलाच वऱ्हाडी माणूस असं लिहीत नाही.

तेव्हा चिठ्ठी कचरूची नव्हती. भगवंतरावांच्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं.

आणि त्याच वेळी केसरबाईने खराटा उचलला. "पाय वर घ्या, मास्तर. सकायपासून केर तसाच पडेल हाये."

भगवंतरावांनी पाय वर घेतले नाहीत.

"काय म्हनल्या तुमी? काय पडेल हाये?"

"केर."

"कचरा काऊन नाई म्हनत?"

केसरबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग खराट्याकडे. "काय बाप्पा, मास्तर! पांढरे केस झाले तरी समजत नाई का? नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्याव? लगन झालं तवापासून मी केरच म्हनते."

पोस्टातली सोजराबाई भगवंतरावांना आठवली. अंगणातलं हिरवं झाड. तुळशीरामच्या बायकोने तुळशीचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही.

वऱ्हाडात 'केर' कोण म्हणतं, ते आता कळलं. जिच्या नवऱ्याचं नाव कचरू आहे ती. आणि कॉलेजात कचरू एकच होता.

"लिहिता येते तुमाले?" त्यांनी विचारलं.

केसरबाईने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. त्याला अजून निळी शाई होती.

४

रविवारी सकाळी भगवंतराव उकंडरावांच्या मळ्यात गेले. कांद्याला पाणी चाललं होतं. त्यांनी जे सापडलं ते सांगितलं, आणि सांगताना आपण कचरूच्याच गळ्याभोवती दोरी आवळतोय हे त्यांना जाणवत होतं.

"म्हंजे बायकोनं सांगतलं, कोनाकडून लिहून घेतलं," उकंडराव म्हणाले. "झालं. तुमी तर पक्कंच करून टाकलं, मास्तर."

"पण तिनं बाड वाचलेलं नाही. तिला ती माडीवरची बाई कशी ठाऊक?"

उकंडरावांनी फावडं उचललं. वाफ्याचं मातीचं दार मोडून त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं.

"एक विचारू?" भगवंतराव म्हणाले. "राग मानू नका. तुमचं नाव उकंडराव कसं?"

"राग कायचा? माह्या आधी चार गेले. पाचवा मी. आईनं बाराव्या दिवशी नेऊन उकंड्यावर लोयवलं. देवाले म्हने, हे घान हाये, तुह्या कामाचं नाई, राहू दे. देवानं ऐकलं." ते हसले. "तसंच कचरूचं. सुपात कचऱ्यासंग घालून बाहेर टाकतेत, अन शेजारीन उचलून आनते. कोनाचं नाक टोचतेत, पोरगी समजून मरन परत जाव म्हनून. आमच्या पिढीत घरोघर हाये हे. आता शिकलेले लोक शाळेत दुसरं नाव लावतेत. घरी एक, दाखल्यावर एक."

"नाक कुठलं टोचतात?"

"उजवं."

वाफ्यात पाणी चढत होतं. भगवंतरावांच्या डोळ्यांसमोर एक अंगठा आला. विचारात पडल्यावर उजव्या नाकपुडीवर जाणारा. व्हरांड्यातली हाकही त्यांना पुन्हा ऐकू आली. अय कचरू. आणि त्या हाकेला शिपायाआधी कोण उठलं होतं!

कॉलेजात कचरू दोन होते.

मग दुसरा विचार आला आणि ते सायकलीकडे चालायला लागले. दुसऱ्या कचरूला बायको असली पाहिजे. घरी खुंटीला किल्ली असते, आणि 'घरी कुणी नसतं'. खोलीकडे 'कोनी आलं नाई', फक्त डबा आला, गेला. डबा काय स्वतःच्या पायांनी चालत येतो?

दोघांनी सांगितलेलं ते कुणी नसलेलं माणूस एकच होतं.

५

दार उघडलं ते सरांकडे स्वयंपाकाला असणाऱ्या गीताबाईने. पाच वर्षं सगळे तिला पाहत होते आणि कुणी पाहिलं नव्हतं. तिशी ओलांडलेली, सावळी, नाकात मोरणी.

"सर आहेत का?"

"नाई हायत ते. कॉलेजात गेले."

'सर' असं म्हणाली नाही ती. नुसतं 'ते' म्हणाली. स्वयंपाकाची बाई मालकाला ते म्हणत नाही.

भगवंतराव आत जाऊन चुलीपाशी टेकले. फळीवर डबे होते, आणि प्रत्येकावर कागदाची पट्टी. मीठ. तिखट. हयद. आधी लांब आडवी रेघ आणि तिला टांगलेली अक्षरं, चिठ्ठीत होती तशीच. लहानपणी शाळेत गेलेला माणूस अक्षरं काढून मग वर रेघ देतो. मोठेपणी, महिला मंडळाच्या वर्गात पाटी धरलेला माणूस आधी रेघ मारतो, अक्षरं पडू नयेत म्हणून.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. रस्त्यात घेतलेल्या भाजक्या शेंगा त्यांनी खिशातून काढल्या, चार फोडल्या आणि टरफलं खाली टाकली. "अरे, घान केली मी. कुठं टाकू हे?"

"राहू द्या, भाऊ. केर मी भरीन."

म्हणाली आणि थांबली. भगवंतराव तिच्याकडेच पाहत होते.

"शाळेतलं नाव उत्तम," ते हळू म्हणाले. "घरचं कचरू. बरोबर ना, वहिनी?"

या घरात तिला वहिनी कुणी म्हटलं नव्हतं. ती पाटावर बसली. रडली नाही. उठली, पिठाच्या डब्यामागून बाड काढलं आणि पुढ्यात ठेवलं.

"जाळलं नाई मी," ती म्हणाली. "वाचून राह्यली. हळू वाचता येते मले."

भगवंतरावांनी तिसरं प्रकरण उघडलं. समासात जागोजाग शिसपेन्सिलीची खूण. जिथे जिथे 'ती वेडी बाई', 'ती कोंडलेली स्त्री', 'ती अभागिनी' असं आलं होतं तिथे तिथे टांगलेल्या अक्षरांत एकच शब्द. नाव?

"चौतीस पानं लिहिली तिच्यावर. घरी कच्चं लिहून राह्यले होते तवाच वाचलं मी," गीताबाई म्हणाली. "किती दया! घरमालक तिले लपवते, पाहुन्याइसमोर आनत नाई, तर ह्यायनं त्याले काय काय शिव्या देल्या. रात्री मले वाढ म्हनले, मी वाढलं, अन ह्यायचं लिहनं चालूच. मी समोर उभी होती, भाऊ! मंग म्हटलं, आता पुन्याले जाईन हे, सारे वाचतीन, म्हनतीन काय मोठ्या मनाचा मानूस हाये. तवा मले राहवलं नाई."

"कचरूला धरलंय. शिपायाला. ठाऊक आहे का?"

ते तिला ठाऊक नव्हतं. तिचा हात तोंडावर गेला. "त्या गरिबाले काऊन? ह्यायनं तर चिठ्ठी पाह्यल्याबरोबर वयखलं असन." ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोललो ते तिला उमगलं. मग ती उठलीच. "चला. मी सांगते येऊन."

"काय म्हणून सांगाल? स्वयंपाकीण म्हणून आलात तर चोर ठराल. फौजदार तुम्हांलाच नेईल."

"मंग दुसरं काय म्हनून येऊ?" गीताबाई म्हणाली. "ते तर त्यायनं सांगा लागते."

६

सोमवारी दहा वाजता भगवंतरावांनी उत्तमरावांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहिल्याच महिन्यात नागपूरचे पाहुणे आले होते. ती चहा घेऊन बाहेर आली. 'च्या घ्या जी' म्हणाली. ते एकमेकांकडे बघून हसले. एकाने विचारलं, 'या कोण?' मी म्हटलं, स्वयंपाकाला असतात. एवढंच. एकच वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायचं होतं. मग तिसऱ्या दिवशी."

"आणि चिठ्ठी?"

"केर वाचलं आणि कळलं."

"तीन दिवस तुम्ही त्या कचरूला रडताना पाहिलंत."

"मी त्याला दुसरीकडे कामाला लावून देणार होतो."

भगवंतरावांना हे अपेक्षित नव्हतं. पोलिसाला कबुलीजबाब मिळाल्यावर आनंद होत असेल, त्यांना झाला नाही.

"तुमचं बाड मी काल थोडं वाचलं," ते म्हणाले. "सभ्य माणूस आपल्या अंगातलं नको ते दुसऱ्या एकावर लोटतो आणि शिक्षा त्याला होऊ देतो. मला वाटलं, ही तिकडची गोष्ट आहे, थंड देशातली. इथे तर तुम्ही दुसऱ्याचं नाव सुद्धा बदललं नाही. आणि मी तरी कोण सांगणारा? मी तीस वर्षं लोकांची भाषा धुऊन पाठवली. पण माझ्या धुण्याने कुणाची नोकरी गेली नाही. मी आत काही बोलणार नाही. अकरा वाजत आलेत."

हॉलमध्ये नऊ माणसं होती. कचरू दाराशी उभा. उकंडरावांनी ठराव वाचायला घेतला. "शिपाई कचरू याने विश्वासघात करून…"

"हस्तलिखित सापडलं आहे," उत्तमराव उठून म्हणाले. "माझ्या घरी."

गलका झाला. उकंडरावांनी हात वर केला. "घरी कसं गेलं?"

उत्तमराव उजवी नाकपुडी चोळायला लागले. 

"हात्तिच्या!" कोपऱ्यातला एक सभासद म्हणाला. "ती डबेवाली बाई. रोज येते दुपारची. घरातली किल्ली, हातात डबा. तिलेच धरा ना! हलक्या लोकाइले घरात ठेवलं का असंच होते."

भगवंतराव इतिवृत्ताची वही उघडून बसले होते. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"तिले नोका धरू," उत्तमराव म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. पाच वर्षांत त्या तोंडून तिले हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"ती माही बायको हाये. गीता. लहानपनीच लगन झालं आमचं. चोरी नाई झाली, म्याच तिले लपवलं होतं. अन ही चिठ्ठी…" त्यांनी उकंडरावांसमोरची चिठ्ठी उचलली. "चिठ्ठीत ती केर म्हनते, कारन माह्यं घरचं नाव कचरू हाये. मले पह्यल्या दिवशीच समजलं होतं. मी बोललो नाई."

दाराशी उभा असलेला कचरू दोन पावलं पुढे आला. "म्हंजे सर, तुमी बी कचरूच?" त्याला हसावं की ओरडावं कळेना. "अन मले फौजदाराकडं धाडून राह्यले होते?"

"हो."

"वा रे वा," कचरू म्हणाला. मग सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच, सरांच्या परवानगीशिवाय तो खुर्चीवर बसला.

उकंडरावांनी ठराव उभा-आडवा फाडला. "पाच वर्सं मी तुमच्यासमोर उकंडराव म्हनून सही करून राह्यलो," ते उत्तमरावांना म्हणाले, "अन तुमाले लाज वाटून राह्यली होती? याचं काय करावं ते मंग पाहू. आधी कचरूची माफी मांगा. मोठ्यानं."

उत्तमरावांनी मागितली. भगवंतरावांनी ती वहीत लिहिली, जशी बोलली गेली तशीच, एकही अक्षर न सुधारता.

घरी दोघे मिळून गेले, कारण उत्तमरावांना एकट्याने जाववेना. गीताबाई ओट्यावर मेथी निवडत होती.

"मी सांगतलं," उत्तमराव म्हणाले.

"कोनाले?"

"सगळ्याइले. कमिटीत."

"त्या कचरूचं काय झालं?"

"सुटला."

"बरं झालं." तिने काड्या बाजूला सारल्या. "कमिटीले सांगतलं. अन मले?"

उत्तमराव पायरीवर उभेच राहिले. भगवंतरावांनी सायकल वळवली. हे ऐकण्याचा अधिकार त्यांचा नव्हता.

"बाड…" मागून उत्तमरावांचा आवाज आला. "पुन्याले पाठवाचं होतं."

"अजून दोन प्रकरनं राह्यली," गीताबाई म्हणाली. "वाचून झालं का देईन. बसा तवर."

०

१९४१ सालच्या वैशाखात, मोताळ्याजवळच्या एका मांडवात, चौदा वर्षांच्या नवरदेवाने आपल्या पत्रावळीवरची अर्धी बुंदी नऊ वर्षांच्या नवरीच्या पत्रावळीवर सरकवली, आणि तिने ती खाल्ली.